मांगं मांगं पाय ठेव

"मांगं मांगं पाय ठेव बाई, पुढं हिरवं होऊ दे."

अडतीस वर्षांपूर्वी हा आवाज यादोरावच्या कानावर पहिल्यांदा पडला, तेव्हा तो कोणाचा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मामाच्या गावी तो धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, कावड घेऊन चालला होता. कावडीच्या दोन्ही बाजूंना धानाच्या रोपांच्या पेंड्या, त्यांतून निथळणारं पाणी त्याच्या पोटऱ्यांवर येत होतं. खालच्या बांधीत, पाणी साठवलेल्या खाचरात, रोवणा म्हणजे धानाची लावणी चालू होती. पंधरा-सोळा बाया कमरेत वाकलेल्या, डोक्यावर पोत्याच्या खोळी, तोंडं चिखलाच्या गाऱ्याकडे. सगळ्यांच्या पाठी सारख्या. त्यातल्या कुठल्या पाठीतून हा आवाज निघतो ते काही उमगेना. एक ओळ तो आवाज एकट्याने टाकी, बाकीच्या ती उचलून घेत, आणि सगळी रांग एक पाऊल मागे सरके. यादोराव ऐकत उभा राहिला. तेवढ्यात त्या आवाजाने ओळ बदलली.

"कावडवाला हुभा राह्यला, त्याच्या पेंड्या सुकू दे."

सोळाच्या सोळा पाठी हसायला लागल्या, आणि यादोराव कावडीसकट बांधीत पडला. पुढच्या चैतात त्याच आवाजाशी त्याचं लग्न झालं.

"काका, हात मागे," दुर्गेश्वरीने दुसऱ्यांदा सांगितलं.

यादोराव भानावर आला. आपले हात बायकोच्या काखेखाली कधी गेले हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. त्याने ते काढले, पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं.

अंगणात कमरेच्या उंचीवर दोन बांबू आडवे बांधले होते. त्यांच्या मधल्या गल्लीत शकुंतलाबाई उभी होती. डावा हात बांबूवर, उजवा पोटाशी मुडपलेला, मूठ मिटलेली. कमरेला खाटेच्या नवारीचा पट्टा. तिचा डावा पाय पुढे पडला. उजवा जागचा निघेना. मग तिने कंबर वर ओढली, तेव्हा तो अख्खा पाय बाजूने अर्धा फेर घेत, अंगठा घासत पुढे आला. सारवलेल्या अंगणावर एक वाकडी रेघ उमटली.

"बस," ती म्हणाली.

सात महिन्यांत चार शब्द परत आले होते, त्यातला हा एक. बाकीचे पानी, माय आणि नाई.

दुर्गेश्वरी गोंदियाची. लकवा झालेल्यांना पुन्हा उभं करायचा व्यायाम शिकवायला ती दर मंगळवारी गाडीने या भागातल्या गावांत यायची. वय सव्वीस असेल. जीन्सची पँट घालून सरळ जमिनीवर मांडी ठोकायची आणि अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायची. पहिल्या दिवशी तिने यादोरावला समजावलं होतं, की काकूंच्या डोक्यातली एक नाली बुजली आहे. तिच्यापुढचं शेत सुकलं. आता शेजारच्या नालीने पाणी फिरवायचं, पण ते रोज सोडावं लागेल, एक दिवस खाडा केला तर वाट पुन्हा बुजते. हे यादोरावला एकदम पटलं. मग तिने शकुंतलाबाईपुढे बसून विचारलं होतं, "काकू, असं एक काम सांगा, जे तुम्हाला कोणाच्या मदतीशिवाय करायचंय."

शकुंतलाबाईने डावा हात उचलून मागच्या दाराकडे दाखवलं. दारामागे सांदवाडी म्हणजे परस, सांदवाडीच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली टिनाच्या दाराचा संडास. खाटेपासून तिथपर्यंत दोन उंबरठे, एक पायरी आणि सव्वीस पावलं.

"मी नेतो ना तिले," यादोराव मधेच म्हणाला होता. "टाइमावर नेतो. एक दिवस चुकलो नाई."

शकुंतलाबाईने मान दुसरीकडे फिरवली होती. दुर्गेश्वरीने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

तो खरंच चुकत नव्हता. कोहमाऱ्याच्या नाक्यावर त्याचं पंक्चरचं दुकान. तीस वर्षं ट्रकांची आणि सायकलींची चाकं उघडण्यात गेली. घरची दोन एकर धानाची जमीन. आता दुकान तो अर्धा दिवसच उघडे. सकाळी बायकोला उठवणं, नेणं, आणणं, आंघोळ घालणं, लुगडं नेसवणं, वेणी घालणं, घास भरवणं. वेणी त्याला आधी येत नव्हती. ट्यूबच्या तीन पट्ट्या खिळ्याला बांधून त्याने ती शिकून घेतली. दुर्गेश्वरीने चमच्याचा दांडा जाड करायला सांगितला, म्हणजे काकूंच्या उजव्या मुठीत तो बसेल. त्याने त्याच दिवशी ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून असा सुबक दांडा केला की ती म्हणाली, बाजारात असा मिळत नाही. पण त्या चमच्यानेही तो स्वतःच भरवत राहिला. तिचा हात थरथरतो, भात सांडतो, ते त्याला बघवत नसे.

हैदराबादला कंपनीत असलेला ओमेश रविवारी फोनवर आईचं तोंड बघायचा आणि म्हणायचा, बाबा, तुम्ही आहात म्हणून मी इथे निवांत आहे. गावातल्या बायाही नवऱ्यांना यादोरावचं नाव घेऊन टोमणे मारत. शेजारची निर्मलाबाई, जी पंचवीस वर्षं रोवण्यात शकुंतलाबाईच्या डाव्या हाताला असायची, ती तर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायची. भाऊजींसारखी सेवा कोणी केली नाही, एका जन्मात सात जन्मांची करून राहिलेत. असं बोलणं निघालं की यादोराव काहीतरी काम काढून उठून जाई.

आणि सेवेचं सांगितलं की निर्मलाबाई त्या दिवसाचंही सांगे. आषाढाच्या पुनवेची आखाडी होऊन चार दिवस झाले होते. यादोरावच्याच बांधीत रोवणा. शकुंतलाबाई म्होरकी, सकाळपासून गाणं रंगात आलं होतं. मग एकाएकी ती गप झाली. बायांनी ओळीची वाट पाहिली, ओळ आली नाही. तशीच मुक्याने ती तासभर रोवत राहिली आणि मग उजव्या अंगावर गाऱ्यात कलंडली. कोणी म्हणालं वारं गेलं, कोणी म्हणालं चक्कर. पलीकडच्या गावात लकव्याची दवा देणारा एक म्हातारा होता, तो नाकात थेंब सोडायचा आणि चोळायला तेल द्यायचा. चिखलाने भरलेल्या पायांनीच तिला आधी तिकडे नेलं. गोंदियाच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दिवस मावळला.

तिथे डॉक्टरने विचारलं होतं, "सकाळपासून काही त्रास होता का? हात जड वाटणं, मुंग्या येणं? काही बोलल्या होत्या?"

"नाई साहेब," यादोराव म्हणाला होता. "चांगली होती. एकदमच झालं."

*

माघ लागला. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी होतं त्यांचा उन्हाळी धानाचा रोवणा सुरू झाला. एका मंगळवारी दुपारी निर्मलाबाई चिखलाच्या पायांनीच कुंपणाशी येऊन उभी राहिली. बांबूंच्या मधे शकुंतलाबाईचा उजवा पाय त्या दिवशी अजिबात ऐकत नव्हता. दुर्गेश्वरीने सगळं करून पाहिलं होतं. खाटेवर निजवून कंबर उचलायला लावली, दोन्ही हात गुंफून वीस वेळा उठबस करून घेतली, उजव्या पायावर भार टाकून उभं केलं. पण चालायला लागलं की तीच रेघ.

दमून दुर्गेश्वरी बांबूला टेकली आणि तिने निर्मलाबाईला विचारलं, "काकू पहले क्या काम करत होत्या?"

"रोवन्याची म्होरकी होती. तिच्याबिगर रांग हलत नव्हती."

"मग काकू, आता तुम्ही शेतात आहात असं समजा. धान लावत लावत पुढे चला बघू."

निर्मलाबाईला हसू आवरेना. "पुढं कायले चालन वं मॅडम? पुढं चालली त लावलेलं धान तुडवन ना."

"मग?"

"मांगं. रोवना मांगं मांगंच होते. लावत जाचं अन् मांगं सरकत जाचं. दोन टाइम भात खाता, अन् एवढं मालूम नाई?"

"मी फक्त खाते," दुर्गेश्वरी हसत म्हणाली. शकुंतलाबाईच्या ओठांची डावी कड किंचित हलली. मग दुर्गेश्वरी हसायची थांबली. "किती वर्षं?"

निर्मलाबाईने हिशेब केला. दहा-अकरा वर्षांची असल्यापासून, म्हणजे पंचेचाळीस-सत्तेचाळीस पावसाळे तरी.

दुर्गेश्वरी सरळ झाली. शकुंतलाबाईच्या मागे गेली, एक हात पट्ट्याला धरला आणि हळूच म्हणाली, "काकू, मागे."

शकुंतलाबाईने डोळे मिटले. उजवा गुडघा वाकला. टाच उचलली गेली, अंगठा मातीतून सुटला, आणि पाऊल सरळ मागे जाऊन टेकलं. अर्धा फेर नाही, घासणं नाही. मग डावं. मग पुन्हा उजवं, किंचित चाचपत, जसा खालच्या गाऱ्याचा अंदाज घ्यावा. अकरा पावलं झाली तेव्हा गल्ली संपली. दुर्गेश्वरीने खाली बघितलं. अंगणात रेघ नव्हती. पावलं होती, पाच बोटांची.

उलटं चालणं आमच्या शिक्षणात असतं, पण ते मी खूप पुढे, सगळं जमल्यावर दिलं असतं, इतक्यात देण्याची माझी हिंमत झाली नसती, असं ती निर्मलाबाईला सांगत राहिली. मग यादोरावकडे वळून म्हणाली, "काका, आता तुम्ही मागे नाही. समोर या. दोन्ही हात धरा, जमेल तसे सोडत जा."

सात महिने यादोराव बायकोच्या पाठीशी होता. वेणी पाठीमागून, आंघोळ पाठीमागून, चालवताना पट्टा पाठीमागून. भरवताना त्याचं लक्ष चमच्यावर असे. आता तो समोर आला, तिचे हात हातात घेतले आणि तिच्या पायांकडे बघू लागला.

"काका, पाय मी बघते. तुम्ही त्यांच्याकडे बघा."

त्याने वर पाहिलं. उजवी पापणी जराशी उतरलेली, ओठांची एक कड ढिली. पण डोळे तेच, धुऱ्यावरच्या कावडवाल्याला एका नजरेत जोखणारे. ती एक पाऊल मागे गेली, तो एक पाऊल पुढे.

"गाणं म्हणा ना काकू," दुर्गेश्वरी म्हणाली. "बोलणं जातं, तरी कधी कधी गाणं राहतं. दोघांची जागा वेगळी असते. तालावर पाऊल चांगलं पडेल."

निर्मलाबाईने कुंपणापलीकडून ओळ धरली. मांगं मांगं पाय ठेव बाई. तिचा आवाज साधा होता, पण ओळ तीच होती. शकुंतलाबाईने ओठ आवळून घेतले.

"नाई," ती म्हणाली. आणि तिने यादोरावकडे पाहिलं.

यादोरावने मान खाली घातली.

लकवा झाला त्या दिवशी सकाळी नवाच्या सुमाराला ती पेंडी घ्यायला धुऱ्यावर आली होती. बाकीच्या बाया बांधीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. उजवा हात समोर धरून ती म्हणाली, हात बधिर होऊन राहिला, बोटं रोप दाबतच नाहीत. यादोरावने तिच्या ओळीकडे पाहिलं. रोपं सुटून पाण्यावर तरंगत होती, एक, दोन, पाच-सात. ट्यूब पाण्यात बुडवायची आणि बुडबुडा कुठून निघतो ते बघायचं, हेच त्याचं तीस वर्षांचं काम. पण पाण्यावरची ती रोपं बघून त्याला एवढंच दिसलं, की रोपं वाया चालली आणि दुपारनंतर बाया दुसऱ्याच्या बांधीत जाणार. तो तिला काहीतरी बोलला. ती पेंडी घेऊन परत गेली.

इथवर आलं की त्याचं आठवणं थांबे. काय बोलला ते तो मनातही उच्चारत नसे.

*

पुढचे तीन आठवडे ती रोज उलटी चालली. सकाळी वीस फेऱ्या, ऊन उतरल्यावर वीस. उलट्या पावलांनी सुलटी पावलंही सुधारली. पुढे चालताना रेघ फिकट झाली. यादोराव दुकानात असताना तिने उजव्या हाताने दोन घास खाल्ले, असं निर्मलाबाईने कौतुकाने सांगितलं. त्या संध्याकाळी त्याने ताट तिच्यासमोर ठेवलं, थोडा वेळ थांबला, आणि भात थंड होतो म्हणून चमचा स्वतःच उचलला.

मग मोहफुलं गळायला लागली. एका पहाटे, नुकतं उजाडत असताना त्याला जाग आली. शेजारची खाट रिकामी होती. मागचं दार उघडं होतं.

तो अनवाणीच सांदवाडीत आला. दोन्ही उंबरठे आणि ती पायरी ओलांडून शकुंतलाबाई मोहाखाली पोचली होती. डावा हात भिंतीवर, कमरेला पट्टा नाही, पायाखाली ओली फुलं पसरलेली. पाऊल सरळ पडत होतं. टिनाचं दार हातभर राहिलं होतं. तिने भिंतीवरचा हात सोडून दाराच्या कडीला लावला.

यादोराव धावला. मागून त्याने तिला दोन्ही काखांत धरलं. "ओमेशची माय, मले उठवाचं ना वं."

ती दचकली. भार उजवीकडे गेला, ओल्या फुलांवरून पाय सरकला आणि दोघंही खाली आले. ती त्याच्या मांडीवर पडली होती, म्हणून हाड वाचलं, नुसतं मनगट सुजलं. पण खाटेपासून इथवर तिने जे आवरून धरलं होतं ते त्याच्या मिठीत सुटलं. लुगडं भिजलं, त्याचं धोतर भिजलं. खाली मोहफुलांवर ऊन ऊन ओल पसरत गेली.

शकुंतलाबाई रडली नाही. "बस," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून ती भिंतीकडे तोंड करून निजली. बांबूंकडे जाईना. तो नेईल तेव्हा जाई, भरवील ते खाई, कुठेच विरोध करीना. त्याला पूर्वी हवी होती तशीच ती आता त्याच्या हातात होती, आणि त्याला ते सोसवेना.

मंगळवारी दुर्गेश्वरीने मनगट चाचपून पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि यादोरावला अंगणात बोलावलं. तिने आवाज चढवला नाही.

"काका, त्या पडल्या नाहीत. तुम्ही पाडलं."

तो बांबूचा सुटलेला दोर गुंडाळू लागला.

"तुम्हाला भीती कशाची आहे? त्या पडतील याची, की चालतील याची?"

दोर गुंडाळून झाला. त्याने तो सोडला आणि पुन्हा गुंडाळायला घेतला. मग तिने सांगितलं की पुढचा मंगळवार तिचा शेवटचा. मार्चअखेर हे काम बंद होतंय, गाडी येणार नाही. तोवर काकू उठल्या तर पुढचं त्या स्वतः करतील. नाहीतर खाट धरतील, आणि मग त्यांना उठवणं कोणाच्या हातात राहणार नाही.

शेवटचा मंगळवारही आला. शकुंतलाबाई भिंतीकडेच बघत होती. दुर्गेश्वरी तिच्या उशाशी बसून बराच वेळ बोलली, घरचं, आईचं, नव्या नोकरीच्या शोधाचं. व्यायामाची चित्रं काढलेला कागद तिने खिळ्याला लावला. निघताना पाया पडली तेव्हा शकुंतलाबाईने न वळता डावा हात मागे आणला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

"माय," ती म्हणाली.

गाडीचा आवाज रस्त्यावर लांबत गेला. यादोराव त्या दिवशी दुकानात गेला नाही. अंगणात येऊन तो बांबूंच्या गल्लीत शिरला आणि एका टोकाला, दाराकडे तोंड करून उभा राहिला. कुंपणापलीकडे निर्मलाबाई सुपात मोहफुलं निवडत होती.

पुरुष रोवण्याचं गाणं म्हणत नाहीत. पुरुष नांगर धरतात, चिखल करतात, पेंड्या वाहतात. गाणं बायांचं, आणि त्यात पुरुषांच्या वाट्याला येतात ते टोमणे. अडतीस वर्षं त्याने ते धुऱ्यावरून ऐकलं होतं, ओठ हलवून म्हणूनसुद्धा पाहिलं नव्हतं. आता त्याने घसा साफ केला.

"मांगं मांगं पाय ठेव बाई," तो म्हणाला. ते गाणं झालंच नाही. आवाज मधेच चिरला. त्याने पुन्हा सुरुवात केली.

सूप निवडणारे हात थांबले. निर्मलाबाई हसणार होती, पण तिने त्याचं तोंड पाहिलं आणि ती हसली नाही.

तिसऱ्यांदा तो "पुढं हिरवं होऊ दे"पर्यंत पोचला. बाया जिथे ओळ उचलतात तिथे कोणीच उचलली नाही. तो थांबला, पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला. चुकीच्या सुरात, चुकीच्या जागी श्वास घेत, किती वेळा ते त्याने मोजलं नाही. मग घरात खाट करकरली.

दाराच्या चौकटीवर आधी डावा हात दिसला. मग ती दिसली. केस सुटलेले, पदर खांद्यावरून ओघळलेला. यादोरावचे हात तिच्याकडे निघाले. त्याने ते पाठीमागे नेले आणि मनगट घट्ट धरलं. ती उंबरठा उतरली. अंगण ओलांडताना मधे एकदा डळमळली, थांबली, सावरली. तो जागचा हलला नाही. ती गल्लीत आली, त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभी राहिली. डावा हात बांबूवर ठेवला आणि लगेच उचललाही.

मग तिने पहिलं पाऊल मागे टाकलं. दुसरं टाकलं. दोघांच्या मधे अंगण उघडं पडत गेलं, आणि त्यावर तिची पावलं, एकापुढे एक. तो गात राहिला. चौथ्या पावलावर ती थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं, अगदी धुऱ्यावर आली होती तसं, उजवा हात थोडा समोर धरून.

गाणं त्याच्या तोंडातच राहिलं.

"ओमेशची माय," तो म्हणाला. निर्मलाबाईलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो बोलत होता, आणि ते त्याला कळत होतं. "तू आपल्या मनानं गप झाली नव्हती. हात बधिर होऊन राहिला म्हनून तू मले सांगतलं होतं. रोपं तरंगून राह्यली, तेबी मी पाह्यलं होतं. डाक्टरनं इचारलं त मी नाई म्हनलं."

ती उभी होती. हाताला कशाचाही आधार नव्हता.

"अन् धुऱ्यावर मी तुले म्हनलं, बहाने नोको करू, गानं बंद कर अन् हात चालव. तुयं गानं मी बंद केलं."